बिगरहंगामात मित्रासोबत गाडीने बेटावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे गृहीत धरलंय ते असं: दोन माणसं, एक गाडी, आणि हंगाम संपला की अर्ध्या दुकानांचं शटर खाली येतं असं एक शांत बेट. पोहोचण्याची वाट बहुतेक वेळा गाड्या नेणारी फेरीबोट असते, काही ठिकाणी पूल, आणि थोड्या ठिकाणी ओहोटीलाच उघडा पडणारा रस्ता. बिगरहंगामात बेट गाठणं फारसं अवघड नसतं. कस लागतो तो ठरलेल्या दिवशी परत येण्यात, म्हणून खालची बरीच उत्तरं परतीकडेच वळतात.

बिगरहंगाम म्हणजे नेमका कधी? हंगामाच्या आधी जावं की नंतर?

समशीतोष्ण पट्ट्यात शरद ते वसंताची सुरुवात, मान्सूनच्या पट्ट्यात पावसाळा. दोन्ही सारखे समजू नका. हिवाळ्यात बोटी कमी होतात, पण चालू राहतात. पावसाळ्यात काही जलमार्ग चक्क काही महिने बंद असतात. तारखा ठरवण्याआधी हिवाळी किंवा पावसाळी वेळापत्रक आहे का, एवढं आधी बघा.

समशीतोष्ण पट्ट्यात निवड असेल तर हंगाम संपल्यावर जा. समुद्र हवेपेक्षा उशिरा तापतो आणि उशिरा गार होतो. उत्तर गोलार्धात तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत उबदार आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत गार असतो. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये हवा साधारण सारखीच असली, तरी ऑक्टोबरचं पाणी बरंच सुसह्य असतं. त्याची किंमत म्हणजे शरदात वादळं वाढतात आणि दिवस रोज आखूड होत जातो. ६० अंश अक्षांशावर हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस ६ तासांहूनही कमी असतो, ५० अंशांवर सुमारे ८ तासांचा. सकाळी उशिरा उठणारा सोबती असेल, तर हे आकडे त्याला आधीच दाखवा.

किती दिवस काढावेत?

बेटावर जितक्या रात्री राहायचंय, त्यात जायचा-यायचा प्रवास आणि वर एक पूर्ण मोकळा दिवस. हा राखीव दिवस शेवटी ठेवा. जाताना बोट रद्द झाली तर बेटावरची एक रात्र बुडते. येताना रद्द झाली तर रजा, विमान, दुसऱ्या कुणाला दिलेली वेळ, सगळंच कोसळतं. परतीच्याच दिवशी विमान गाठायचं असा बेत करू नका. परतताना दिवसातली शेवटची खेप धरू नका, आधीचीच घ्या. ती चुकली किंवा रद्द झाली तर मागे निदान एक तरी उरते.

गर्दी नसते, मग बोटीचं तिकीट आधी कशाला काढायचं?

माणसांची गर्दी नसते, पण गाड्यांसाठी जागाही कमी असते. बोटी पाण्याबाहेर सुक्या गोदीत घेऊन त्यांची वार्षिक दुरुस्ती याच महिन्यांत उरकतात. बदली बोट बहुधा लहान असते. शिवाय बेटाचा सगळा माल, म्हणजे इंधनाचा टँकर, बांधकामाचं सामान, किराण्याचा ट्रक, त्याच डेकवरून जातो. एक लांब ट्रक चार-पाच गाड्यांची जागा खातो. पायी प्रवासी ऐनवेळी चढू शकतो, पण गाडीचं आरक्षण आधीच करावं.

आरक्षण करताना गाडीची लांबी-उंची अंदाजाने लिहू नका. टपावरची पेटी किंवा सायकली धरून उंची टेपने मोजा. मागे सायकलचा रॅक असेल तर तोही लांबीत धरा. कमी उंचीच्या डेकचं तिकीट काढून टपावर पेटी घेऊन गेलात, तर धक्क्यावर दोनच पर्याय उरतात: पेटी उतरवा, नाहीतर पुढच्या खेपेची वाट बघा.

तिकीट बदलता येतं का, आणि खेप रद्द झाली तर पुढच्या खेपेत जागा आपोआप मिळते की प्रतीक्षायादीत टाकतात, हे आधीच विचारून घ्या. दोन्ही पद्धती असतात, आणि कोणती आहे यावर पुढची सगळी धावपळ ठरते.

बोट रद्द होईल का, हे आधी ओळखता येतं का?

खात्रीने नाही, पण दोन दिवस आधी बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यासाठी पाऊस नाही, वारा बघा. सागरी अंदाजात वारा नॉटमध्ये किंवा ब्यूफर्ट श्रेणीत देतात. ही श्रेणी ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये मांडली. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. श्रेणी ६ म्हणजे २२ ते २७ नॉट (ताशी ३९ ते ४९ किमी), श्रेणी ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट (ताशी ६२ ते ७४ किमी). वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. २० चे ४० नॉट झाले की बोटीच्या कुशीवरचा दाब चौपट होतो.

तरी एका आकड्यावर निकाल लावता येत नाही. सहाच्या वाऱ्यात एक मार्ग सुरळीत चालतो आणि शेजारचा बंद पडतो. वारा कुठल्या दिशेने येतोय आणि धक्क्याचं तोंड कुठे आहे, यावर ते ठरतं. खोल समुद्रातून बोट जाईल, पण धक्क्याला लागताना आडवा वारा असेल तर कप्तान थांबतो. बेटाचा धक्का कुठल्या दिशेला उघडा आहे हे नकाशात बघून ठेवलंत, तर अंदाज वाचणं अर्ध्याने सोपं होतं.

लाटेची उंची वाचताना तिचा कालावधीही वाचा. दर ५ सेकंदांनी येणारी २ मीटरची लाट बोटीला दणके देते. १२ सेकंदांनी येणारी तेवढीच लाट प्रवासात कदाचित जाणवणारही नाही, पण धक्क्याला लागलेली बोट तिच्याने मागे-पुढे सरकते आणि मग रॅम्पवरून गाड्या उतरवणं धोक्याचं होतं. त्यामुळे लख्ख ऊन आहे, वारा पडलेला आहे आणि तरीही खेप रद्द, असं घडतं. धक्क्यावरच्या लोकांवर तेव्हा चिडू नये. शिवाय अंदाजात दिलेली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही येते.

धुक्याने बोट बहुधा रद्द होत नाही, उशीर होतो.

आणि रद्द झालीच तर?

आधी बोटकंपनीकडे पुढची जागा पक्की करा, मग मुक्कामाच्या ठिकाणी कळवा, मग घरी किंवा ऑफिसात. हा क्रम उलटा केला की जागा दुसऱ्यांना जातात. दोघं आहात याचा इथे फायदा आहे: एक जण रांगेत, दुसरा फोनवर.

मुख्य भूमीवर धक्क्याजवळ एखादी विनाशुल्क रद्द करता येणारी खोली आधीच धरून ठेवावी. मुक्काम ठरवताना मालकाला स्पष्ट विचारा, ‘बोट रद्द झाल्याने आम्ही पोहोचलोच नाही, तर पैसे परत मिळतात का?’ खेप रद्द होणं आणि तुम्ही बेत रद्द करणं यात बरेच मालक फरक करतात. तो लेखी घ्या.

ओहोटीला उघडणाऱ्या रस्त्याने गाडी नेणं सुरक्षित आहे का?

भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता पाळलात तर आहे. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नला जाणारा रस्ता किंवा फ्रान्समधल्या नुआरमुतिये बेटाचा ‘पासाज द्यू ग्वा’ हा सुमारे ४ किलोमीटरचा रस्ता, दोन्ही दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात. तरीही तिथे गाड्या अडकतातच. कारणं ठरलेली असतात.

पहिलं कारण म्हणजे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत ते पहिल्या तासाला एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं वाढतं, मग २, ३, ३, २ आणि शेवटी पुन्हा १ भाग. एकूण चढ ६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात अर्धा मीटर, तिसऱ्या तासात दीड मीटर. काठावर उभं राहून ‘अजून फारसं आलेलं नाही’ म्हणणारा माणूस पहिल्या तासाचा वेग बघत असतो.

दुसरं, कालची वेळ आज चालत नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळा रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती येते, रस्ता लवकर आणि जास्त खोल बुडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी.

तिसरं कारण हवा. वायुदाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर चढतो. दाब नेहमीपेक्षा ३० ने कमी आणि वरून किनाऱ्याकडे वाहणारं वारं असेल, तर छापील वेळेच्या आधीच रस्त्यावर पाणी येतं. छापील तक्त्याला आज वादळ आहे हे ठाऊक नसतं.

चौथं कारण अगदी क्षुल्लक वाटेल: तक्ता कुठल्या वेळेत छापलाय? काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, पण काही तक्त्यांत तो तास मिळवलेला नसतो. काही तक्ते रस्त्याचे नसून जवळच्या मोठ्या बंदराचे असतात. ‘भरतीची वेळ’ वरून गणित मांडत बसू नका. त्या रस्त्यासाठी प्रशासनाने जाहीर केलेल्या ‘सुरक्षित पार करण्याच्या वेळा’ वापरा. वेळ उघडल्यावर पाणी पूर्ण ओसरलेलं दिसेपर्यंत थांबा आणि वेळ संपायच्या निदान अर्धा तास आधी पलीकडे असा.

अडकलातच तर गाडीचा मोह सोडा. अशा रस्त्यांवर चढून बसायला उंच खोपी किंवा खांब असतात. तिथे जा आणि आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल, तर ती वाळल्यावरही चालू करू नका आणि घराला लागून उभी करू नका. बॅटरीला नंतर काही दिवसांनीही आग लागू शकते. अशी गाडी इमारतींपासून निदान १५ मीटर लांब ठेवतात.

गाडी पहिल्यांदाच बोटीवर चढवायची आहे. काय काय होतं?

सांगितलेल्या वेळेच्या आधी रांगेत लागा. नोंदणी बंद होण्याची वेळ बोट सुटण्याच्या बरीच आधी असते. काही छोट्या बोटींवर गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवावी लागते. दोघांपैकी ज्याला रिव्हर्स नीट जमतं, त्यालाच स्टिअरिंगवर बसवा. हे रांगेत ठरवा, रॅम्पवर नको.

रॅम्प चढताना पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्येच थांबणं नाही. उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटीला रॅम्पचा उतार फार तीव्र होतो. डिकी सामानाने भरली असेल तर मागचा भाग खाली बसतो आणि बंपर किंवा सायलेन्सर घासतो. जड सामान मागच्या सीटच्या पायांशी ठेवलं की बराच फरक पडतो. खालून घासेल असं वाटलं तर कर्मचाऱ्याला आधी सांगा. ते फळ्या टाकतात किंवा तिरकं चढवतात.

डेकवर गाडी लावली की हँडब्रेक ओढा आणि पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ म्हणजे पार्कमध्ये. अलार्मचा हालचाल ओळखणारा सेन्सर बंद करा. बोट डोलायला लागली की तो वाजत राहतो आणि उतरताना बॅटरी मान टाकते. सेन्सर वेगळा कसा बंद करायचा हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, ते घरीच वाचा. आरसे मिटवा. जॅकेट, औषधं, फोनचा चार्जर, खाणं सगळं वर घेऊन जा, कारण प्रवासात गाड्यांचा डेक बहुधा कुलूपबंद असतो. डेकचा क्रमांक आणि जिन्याच्या दाराचा रंग यांचा फोटो काढून ठेवा.

सुटं पेट्रोल-डिझेल कॅनमध्ये नेण्यावर बहुतेक ठिकाणी बंदी असते. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर असेल तर तो जाहीर करावा लागतो आणि झडप बंद ठेवावी लागते. उतरताना समोरची गाडी हलल्याशिवाय इंजिन चालू करू नका. बंद डेकवर धूर कोंडतो.

बोट लागते. गाडी चालवणाऱ्यानेच गोळी घेतली तर चालेल का?

त्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. म्हणून उतरल्यावर गाडी चालवणार तो गोळी घेणार नाही, किंवा गोळी घेणार तो चालवणार नाही. झोप कमी आणणाऱ्या गोळ्याही असतात, पण औषधवाल्याला आधी विचारा आणि घरी एकदा घेऊन बघा. बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी गोळी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही.

बाकी उपाय: बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बसा, तिथे डोलणं सर्वांत कमी असतं. क्षितिजाकडे बघा, फोनमध्ये नाही. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको.

भाड्याची गाडी नेता येते का?

करार वाचा. बऱ्याच करारांत बोटीवर किंवा बेटावर गाडी न्यायला लेखी परवानगी लागते, ती नसेल तर विमा गळून पडतो. दुसरा चालक म्हणून मित्राचं नाव करारात हवं. समुद्राच्या पाण्याने आणि वाळूने झालेलं नुकसान बहुतेकदा विम्यात बसत नाही. स्वतःची गाडी असेल तर रस्त्यावरच्या मदतीची सेवा बेटावर लागू आहे का आणि बंद पडलेली गाडी बोटीने आणायचा खर्च कोण देतं, हे विचारा.

निघण्याआधी गाडीचं काय काय तपासावं?

टायर, बॅटरी, वायपर, दिवे, या क्रमाने. टायरच्या खाचा बऱ्याच देशांत किमान १.६ मिलिमीटर असाव्या लागतात, पण ओल्या रस्त्यासाठी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदललेलाच बरा. हवा टायर थंड असताना भरा, दोघं आणि सामान धरून जो आकडा दाराच्या चौकटीवर दिलाय तो घ्या. स्टेपनीतही हवा बघा. बऱ्याच गाड्यांत आता स्टेपनी नसतेच, नुसता दुरुस्तीचा द्रव आणि पंप असतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही आणि बेटावर तुमच्या मापाचा टायर असेलच असं नाही.

चार-पाच वर्षं जुनी बॅटरी असेल तर लोड टेस्ट करून घ्या. बॅटरी मेली तर चालू करून देणारी दुसरी गाडी बिगरहंगामात तासभर दिसणार नाही, म्हणून जम्पर केबलपेक्षा चार्ज केलेला जम्प स्टार्टर, म्हणजे गाडी चालू करून देणारी छोटी सुटी बॅटरी घ्या. टोइंगचा हुक कुठे ठेवलाय आणि बंपरमध्ये कुठे बसतो हे एकदा लावून बघा. काही गाड्यांत त्याच्या आट्या उलट्या असतात, घड्याळाच्या विरुद्ध फिरवल्यावर घट्ट होतात. पावसात गुडघ्यावर बसून हे शोधून काढायला वेळ लागतो.

इंधन मुख्य भूमीवरच्या शेवटच्या गावात टाकी फुल करून घ्या. बेटावरच्या पंपाचे तास कमी असतात, एखादा दिवस बंद असतो आणि टँकर बोटीनेच येतो. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

थंडीत पल्ला २० ते ३० टक्क्यांनी कमी धरा, समोरून जोराचा वारा असेल तर आणखी. बोटीवर चढण्याआधी ८० टक्क्यांच्या वर चार्ज असावा. बेटावर एक-दोनच चार्जर असतात, आणि त्यातला एक बिघडलेला आहे असं धरूनच बेत करा. मुक्कामाच्या घरी साध्या सॉकेटवर चार्ज करायचं तर मालकाची परवानगी घ्या. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या तारेतून कित्येक तास करंट गेला की ती तापून वितळते.

मुक्काम ठरवताना काय विचारावं?

‘या तारखांना उघडं आहे का’ एवढ्याने भागत नाही. खोली गरम कशाने होते? विजेवर असेल तर वीज गेल्यावर काय? आम्ही यायच्या आदल्या दिवशी कुणी हीटर लावून ठेवील का? कित्येक आठवडे बंद असलेल्या घराच्या भिंती आणि गाद्या ओलावा धरून बसतात. दोन तासांत हवा गरम होते, गादी होत नाही.

गरम पाण्याची टाकी किती लिटरची, हेही विचारा. गणित साधं आहे. मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरखाली पाच मिनिटं म्हणजे ४० लिटर पाणी. टाकीतलं पाणी ६० अंश आणि नळाचं १० अंश असेल, तर आंघोळीच्या ४० अंशांसाठी त्यातलं २४ लिटर टाकीतून येतं. ५० लिटरच्या टाकीत दोन आंघोळी जेमतेम बसतात. दहा मिनिटं शॉवरखाली उभं राहणारा मित्र असेल तर तुम्ही आधी जा.

लाकडाची किंवा गॅसची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का बघा. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म सोबत नेला तर उत्तम. वापरात नसलेल्या धुराड्यात पक्षी घरटी करतात, धूर अडतो आणि हा वायू वासाने कळत नाही. बाहेरच्या स्वयंपाकासाठीची गॅसची शेगडी घरात किंवा गाडीत कधीच पेटवू नका.

खाणं-पाणी किती न्यावं? कार्ड चालतं का?

दोन दिवस बोट आली नाही तर दुकानातलं दूध, ब्रेड, भाजी संपते. स्थानिकांना हे ठाऊक असल्याने अंदाज बिघडला की ते आदल्याच दिवशी घेऊन ठेवतात. दोघांना दोन दिवस पुरेल इतका कोरडा शिधा न्या, त्यातला निदान एक दिवसाचा न शिजवता खाता येईल असा. पाणी माणशी रोज ४ लिटर धरा, पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला मिळून. पण सगळंच घरून नेऊ नका. बेटावरचं दुकान वर्षभर चालतं ते थोड्या गिऱ्हाइकांवर, काहीतरी तिथूनच घ्या.

नेटवर्क गेलं की कार्डाचं यंत्र गप्प होतं. लहान नोटा जवळ असाव्यात. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, दोघांच्याही फोनवर.

एकाच गाडीच्या रुंदीचा रस्ता असेल तर समोरून गाडी आल्यावर काय करायचं?

मधे मधे बाजू द्यायला रुंद जागा केलेल्या असतात. ती तुमच्या बाजूला असेल तर आत शिरा. पलीकडच्या बाजूला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा वळसा घालून जाईल. ज्याच्या मागे ती जागा जवळ आहे, त्याने मागे यायचं. मागून स्थानिक गाडी आली तर तिलाही वाट द्या, तुम्ही दृश्य बघताय, तिला कामावर जायचंय. त्या जागेत गाडी लावून फोटो काढत बसू नका.

गुरं-मेंढ्या रस्त्यावर बसतात, विशेषतः रात्री. दिवसभर तापलेलं डांबर त्यांना उबदार वाटतं.

जोराच्या वाऱ्यात गाडी उभी करताना काय बघावं?

नाक वाऱ्याकडे करा. वारा मागून असेल तर दार उघडताच तो ते हिसकावून पुढे ढकलतो, बिजागरी वाकते आणि मग दार नीट बंद होत नाही. बेटांवर गाडीचं होणारं हे फार नेहमीचं नुकसान आहे. एका वेळी एकच दार उघडा. समोरासमोरची दोन उघडली की आतले कागद थेट समुद्रात.

रात्रभर किनाऱ्याजवळ, सपाट जागी उभी करायची असेल तर हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. खाऱ्या ओलाव्याने ब्रेकचं पॅड डिस्कला चिकटतं. चिकटलंच तर हलकेच पुढे-मागे करा, ‘टक्’ असा आवाज होऊन सुटतं. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

वाळूवर गाडी नेता येईल का?

नको.

खर्च कसा वाटायचा?

सामायिक आणि वैयक्तिक अशा दोनच याद्या करा. इंधन, टोल, बोटीवरचं गाडीचं भाडं, पार्किंग, घर, शिधा हे सामायिक. बाहेरचं खाणं-पिणं आणि खरेदी ज्याची त्याची. इंधनाचा अंदाज: ९०० किलोमीटर, गाडी लिटरला १५ देते, म्हणजे ६० लिटर. वारा आणि चढ धरून १० टक्के वाढवा, ६६ लिटर.

गाडी एकाची असेल तर तिची झीज, टायर, धुणं हा खर्च त्याच्याच माथी येतो. म्हणून इंधनात गाडीवाल्याने ४० आणि दुसऱ्याने ६० टक्के द्यावेत, हे आम्हाला रास्त वाटतं. इंधनाहून जास्त पैसे मात्र घेऊ नयेत. गाडी भाड्याने दिली असा अर्थ निघाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. खरा वाद वेगळ्याच ठिकाणी होतो: मित्र चालवत असताना गाडी ठोकली, तर विम्यात आपल्याला भरावी लागणारी रक्कम कोणी द्यायची? हे निघण्याआधी ठरवा आणि संदेशात लिहून ठेवा.

मित्राशी आणखी काय बोलून घ्यावं?

सर्वांत आधी हे: बोट रद्द झाली आणि दोन दिवस अडकलो, तर तुला चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच्यासोबत बिगरहंगामात बोटीने जायच्या बेटावर जाऊ नका, पुलाने जोडलेलं बेट निवडा. पुलावरही जोराच्या वाऱ्यात उंच गाड्या आणि कॅराव्हान अडवतात, पण साधी कार बहुतेकदा जाते.

मग गाडी चालवणं. दर दोन तासांनी निदान १५ मिनिटं थांबायचं आणि चालक बदलायचा. शेजारच्या सीटवरच्याने वाट बघायची, बोटकंपनीचे संदेश वाचायचे आणि चालवणाऱ्याला जागं ठेवायचं. शेजारचा झोपणार असेल तर त्याने तसं सांगून झोपावं.

शांतता किती हवी हेही विचारा. एकाला दिवसभर चालायचं असतं, दुसऱ्याला खिडकीपाशी पुस्तक. रोज एक जेवण एकत्र आणि अर्धा दिवस आपापला, असं ठरलं की पावसात घरात कोंडलं तरी कुरबुर होत नाही. एकटं फिरायला निघालात तर कुठल्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत, हे दुसऱ्याला सांगून जा. किनाऱ्याने जाताना ओहोटी संपायच्या आधी माघारी फिरा. कड्याखालच्या पुळणीवर दोन्ही टोकांनी पाणी आधी येतं.

दुखलं-खुपलं तर?

लहान बेटावर कधी एखादी परिचारिका असते, कधी तीही नसते. रोजच्या गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीच्या न्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा. चष्मा लावत असाल तर दुसरा घ्या. बऱ्याच देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो. तुमच्या सिमला नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीचं असेल, तर तो पुष्कळ ठिकाणी लागतो.

परत आल्यावर गाडीचं काय करावं?

दोन दिवसांच्या आत गोड्या पाण्याने खालून धुवा. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, सस्पेन्शन यांवर भरपूर पाणी सोडा, पण फार दाबाने नाही. दाबाच्या पाण्याने मीठ वायरिंगच्या जोडांत आणि बेअरिंगच्या सीलमध्ये आणखी आत ढकललं जातं. दाराच्या तळाशी पाणी निचरायची छोटी भोकं असतात, ती वाळूने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. धुतल्यावर रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक लावा म्हणजे डिस्क कोरड्या होतात. पहिल्या एक-दोन वेळा खरखर येते, ती गंजाच्या पातळ थराची असते आणि जाते. एका चाकाकडून येणारी घरघर वेगासोबत वाढत राहिली, तर ती बेअरिंगची आहे. गाडी मेकॅनिककडे न्या.